पेनी ब्लॅक आणि पेनी रेड: तिकीट नेमकं कुठल्या प्लेटवरचं हे कसं ओळखायचं

जुन्या अल्बममध्ये ब्रिटनची लाल पेनी, म्हणजे एक पेनी किमतीचं लाल टपाल तिकीट, जवळपास हमखास सापडते. राणी व्हिक्टोरियाचा डावीकडे बघणारा चेहरा, कोपऱ्यात बारीक अक्षरं, वर काळा जाड शिक्का. बरेच जण एक ठेवतात आणि बाकीची डुप्लिकेट म्हणून बाजूला टाकतात. माझ्या मामाच्या अल्बममध्ये अशी ४० एक होती, सगळी एका पाकिटात कोंबलेली, आणि त्यातली कुठलीही दोन सारखी नव्हती. हे कळलं त्या दिवसापासून मी या नादात आहे, आणि ते पाकीट मला मिळालं तेव्हा कुणी नीट समजावून सांगायला हवं होतं असं वाटतं म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी हे बघू की एकाच डिझाइनची तिकिटं वेगवेगळी का होतात, कारण हे डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप समजते. पेनी ब्लॅक, म्हणजे एक पेनीचं काळं तिकीट, १८४० च्या मे महिन्यात आलं, छापणारी कंपनी पर्किन्स बेकन. चार्ल्स आणि फ्रेडरिक हीथ या बापलेकांनी मऊ स्टीलवर एकच मूळ चित्र कोरलं, त्याला डाय म्हणतात. डाय कडक करून त्यावरून मऊ स्टीलच्या रोलरवर ठसा उचलला, मग रोलर कडक करून तो मोठ्या स्टीलच्या प्लेटवर दाबून दाबून २४० वेळा उमटवला, १२ उभ्या रांगा आणि २० आडव्या. एका आडव्या रांगेची १२ तिकिटं म्हणजे एक शिलिंग आणि अख्खी शीट म्हणजे एक पाउंड, असा सरळ हिशोब. इथपर्यंत सगळं यंत्राचं काम, सगळे चेहरे सारखे. पण खालच्या दोन चौकटीतली अक्षरं मात्र एका माणसाने हातात पंच धरून, वर हातोडी मारून, एकेक करून प्लेटवर ठोकली. एका प्लेटवर ४८० ठोके. आता कुठलाही माणूस ४८० ठोके तंतोतंत एकाच जागी मारू शकत नाही, त्यामुळे अक्षर कधी वर गेलं, कधी डाव्या बाजूला चिकटलं, कधी कललं. आपलं सगळं काम त्या कारागिराच्या हाताच्या या फरकावर चालतं.

पेनी ब्लॅकवर प्लेटचा नंबर तिकिटावर कुठेच नाही. तो होता शीटच्या कडेच्या पट्टीवर, आणि ती पट्टी पोस्टातच फाडून गेली. म्हणून शोधावं लागतं.

सामान फार लागत नाही. १० पटीचं भिंग, चपट्या टोकाचा चिमटा (बोटांनी धरू नका, हाताचा घाम कागदाला लागतो), छिद्रं मोजायची परफोरेशन गेज, वॉटरमार्क (कागदातच असलेली पुसट खूण) बघायला काळी उथळ ट्रे, आणि स्कॅनर. मोबाईलचा फोटो पुरत नाही, कारण कॅमेरा किंचित जरी तिरका झाला तरी अक्षर चौकटीत कुठे आहे हे खोटं दिसतं, आणि आपल्याला तेच तर मोजायचंय. स्कॅनर किमान १२०० डीपीआयवर लावा.

सुरुवात स्वस्तातल्या तिकिटापासून करा

थेट पेनी ब्लॅकवर उडी मारू नका. १८६४ ते १८७९ ची पेनी रेड घ्या, जिच्या चारही कोपऱ्यात अक्षरं आहेत. बहुतेक नंबर स्वस्तात मिळतात आणि मुख्य म्हणजे प्लेटचा नंबर तिकिटावरच कोरलेला आहे, त्यामुळे तुमचा डोळा तयार होतो आणि चूक झाली तर लगेच कळते.

तर पहिली पायरी, वरचे दोन कोपरे बघा. तिथे चांदणीसारखी नक्षी असेल तर तिकीट जुन्या जातीचं, १८४० ते १८६४ मधलं. अक्षरं असतील तर १८६४ नंतरचं. नक्षीवाली आणि अक्षरवाली दोन वेगळ्या पाकिटात टाका. नक्षीवाल्यांमध्ये परत दोन ढीग, कडेला छिद्रं नसलेली आणि असलेली. छिद्रं १८५४ पासून आली, आधी १६ गेजची बारीक, मग १८५५ पासून १४ ची. गेज म्हणजे २ सेंटीमीटरमध्ये किती छिद्रं बसतात तो आकडा. अक्षरवाली सगळी लाल पेनी १४ ची असते.

दुसरी पायरी, अक्षरं वाचायची. खालचं डावं अक्षर म्हणजे आडवी रांग, ए पासून टी पर्यंत २० रांगा. खालचं उजवं म्हणजे त्या रांगेतला घर नंबर, ए पासून एल पर्यंत १२. समजा खाली डी-जी आहे, तर चौथी रांग, सातवं घर, म्हणजे वरच्या तीन रांगांची ३६ आणि ही ७, शीटवरचं ४३ वं तिकीट. हा पत्ता पक्का असतो, यात अंदाज नाही. अक्षरवाल्या तिकिटात वरची दोन अक्षरं खालच्यांची उलट असतात, खाली डी-जी तर वर जी-डी. ही उलटी अक्षरं आली कारण लोक वापरलेल्या दोन तिकिटांचे शिक्का न पडलेले अर्धे भाग जोडून परत पत्राला लावतील अशी भीती होती. आपल्याला याचा फायदा असा की एका कोपऱ्यावर शिक्का असला तरी समोरचा तिरपा कोपरा तेच अक्षर सांगतो.

अक्षरं वाचताना सी आणि जी, ई आणि एफ, ओ आणि क्यू, आय आणि जे यांत घोळ होतो. खालच्या उजव्या कोपऱ्यात एल च्या पुढे काही असूच शकत नाही, त्यामुळे तिथे ओ दिसला तर तो सी किंवा जी आहे, शाईने भरलेला. असे नियम मनात ठेवले की अर्ध्या चुका तिथेच गळतात.

तिसरी पायरी, प्लेटचा नंबर. हा दोन्ही बाजूंच्या उभ्या नक्षीच्या पट्टीत साधारण मध्यावर असतो, जाळीच्या रेषांमध्ये मिसळलेला आणि आडवा झोपलेला. नवीन माणसाला पहिल्यांदा दिसतच नाही, मला पहिल्या तिकिटावर दिसायला अर्धा तास लागला होता, पण एकदा दिसला की मग दर वेळी डोळा तिथेच जातो. तिकीट ९० अंशात फिरवा, उजेड एका बाजूने तिरका पाडा, आणि आधी डावी बाजू वाचा, कागदावर लिहा, मग उजवी वाचा. दोन्ही वेगळी आली तर परत बघा. दोन्ही बाजूंना तोच नंबर असतो, हा फार मोठा आधार आहे.

आता इथे एक हिशोब कामाला येतो. या मालिकेत नंबर ७१ पासून २२५ पर्यंत आहेत, पण ७५, ७७, १२६ आणि १२८ या प्लेट नापास झाल्या होत्या. त्यामुळे तुम्ही १२८ वाचलं असेल तर तुम्ही चुकीचं वाचलंय, ते १२३ किंवा १२९ वगैरे असणार. ७५ वाचलं तर ७३, ७६, ७९ किंवा पहिला १ लपलेला १७५ असेल, परत बघा. मी एकदा ऑनलाइन लिलावात १२८ लिहिलेलं तिकीट घेतलं होतं, घरी स्कॅन केल्यावर १२३ निघालं. विकणाऱ्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, ३ आणि ८ हे शिक्क्याखाली खरंच सारखे दिसतात, पण मी ही यादी तोंडपाठ केली असती तर पैसे गेले नसते.

७७ ची गोष्ट वेगळी. ती प्लेट नापास झाली तरी तिची थोडी तिकिटं बाहेर गेली, आणि आज जगात मोजकीच माहीत आहेत, किंमत प्रचंड. म्हणून १७७ ला ७७ समजणारे रोज भेटतात, कारण सुरुवातीचा १ जाळीच्या रेषेसारखाच दिसतो. दोन आकडी आणि तीन आकडी नंबर ओळखायला आकड्यांच्या जागेकडे बघा. दोन आकडे असतील तर ते पट्टीच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे बसतात, तीन असतील तर मधला आकडा मध्यावर येतो. नक्की ७३ किंवा ७८ असलेलं एक तिकीट आणि नक्की १७७ असलेलं एक तिकीट शेजारी ठेवून बघा, मग फरक शब्दांत सांगायची गरज पडत नाही. आणि आकडा खरवडून किंवा रंगवून बनवलेले ७७ पण फिरतात. आणखी एक, १८४० च्या दशकातल्या छिद्रं नसलेल्या लाल पेनीमध्ये पण एक प्लेट ७७ आहे, तिच्यात बी-ए च्या जागी ए ठोकायचाच राहून गेला, उजवी चौकट रिकामी, ते प्रसिद्ध आहे. पण ती प्लेट वेगळी आणि ही वेगळी, नावात गल्लत करू नका.

२२५ ही शेवटची, ती पण कमी छापली गेली आणि महाग आहे, तिच्याबाबतीतही तेवढाच संशय धरा.

शिक्क्याखालचं कसं वाचायचं

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, स्वतः धडपडून सापडलं, म्हणून थोडं लांबण लावतो. रंगीत स्कॅन घ्या आणि गिंपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्याचे लाल, हिरवा, निळा असे रंगांचे चॅनल वेगळे करा. पेनी ब्लॅकवर लाल माल्टीज क्रॉसचा (फुलीच्या आकाराचा) शिक्का असेल तर फक्त लाल चॅनल बघा, लाल शाई कागदासारखीच उजळ दिसते आणि गायब होते, खाली काळी अक्षरं स्वच्छ उरतात. लाल पेनीवर काळा शिक्का असेल तर उलटं काम, तिथे लाल चॅनलचा उपयोग नाही, कारण त्यात तिकीटच उडून जातं आणि शिक्का राहतो. तिथे सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, वेगळं काढा, लाल शाईत रंग भरपूर असतो आणि काळ्यात जवळजवळ नसतो, त्यामुळे शिक्क्याच्या पट्ट्यांमधून नंबराचे तुकडे वर येतात. पूर्ण आकडा नाही मिळाला तरी एखादा गोलवा, एखादी सरळ रेघ मिळते आणि दुसऱ्या बाजूच्या तुकड्यांशी जोडून बरंच भागतं. शिक्का धुवून काढायचा विचारही करू नका, तिकीट मरतं.

लाल शिक्का सहज पुसता येत होता हेच तर पेनी ब्लॅक बंद व्हायचं कारण. १८४१ च्या फेब्रुवारीत तिकीट लाल-तपकिरी केलं आणि शिक्का काळा केला. म्हणजे आज आपल्याला जो काळा शिक्का त्रास देतो तो मुळात न पुसण्यासाठीच निवडला होता.

आता पेनी ब्लॅक

यात ११ प्लेट आहेत. पहिलीचे दोन अवतार, १ए आणि १बी, कारण पहिली प्लेट कडक न करताच वापरली, ती लवकर झिजली आणि मग दुरुस्त केली. अकरावी खरं तर लाल तिकिटासाठी बनवली होती, काळ्या रंगात तिच्या साधारण ७०० शीटच छापल्या, म्हणून ती सगळ्यात महाग. एकूण पेनी ब्लॅक सुमारे ६ कोटी ८८ लाख छापली गेली, त्यामुळे हे तिकीट दुर्मिळ आहे ही समजूत चूक आहे, चांगल्या चार कडांचं मिळणं अवघड एवढंच. कडा कात्रीने कापायच्या होत्या आणि दोन तिकिटांत जागा फार कमी होती.

समजा तुमच्याकडे डी-जी आहे. म्हणजे जगात या पत्त्याचे फक्त १२ उमेदवार आहेत, दहा प्लेटचा एकेक आणि पहिलीचे दोन. प्रश्न फक्त कुठला एवढाच. कोपऱ्याची चौकट स्क्रीनभर येईल एवढी मोठी करा आणि वहीत लिहा: डी वरच्या रेषेपासून किती लांब, खालच्यापासून किती, डावीकडे सरकलाय का, कललाय का. मग जी चं तसंच. मी असं लिहितो, "डी: वर, थोडा डावा, सरळ. जी: मध्य, उजवीकडे चिकटलेला, किंचित उजवीकडे कललेला." चौकट चार भागांत वाटणारी एक उभी आणि एक आडवी रेघ स्क्रीनवर काढली तर अजून सोपं.

हे लिहून झाल्यावरच संदर्भाचे फोटो उघडा. आधी नाही. यावर मी हट्टी आहे. प्लेट ११ चा फोटो आधी बघितला की डोळा आपल्या तिकिटात तोच कल, तीच जागा शोधायला लागतो आणि सापडते पण, कारण आपल्याला ती हवी असते. आधी लिहिलेलं वर्णन हा आपल्याच मनाला घातलेला लगाम आहे. लिहिलेल्या वर्णनाशी प्रत्येक प्लेटचं डी-जी ताडून बघा आणि जुळणारं शोधण्यापेक्षा न जुळणारी काढून टाकत जा. जी अक्षर उजवीकडे चिकटलंय, तर ज्या प्लेटवर ते मधोमध आहे त्या सगळ्या बाद. साधारण दोन किंवा तीन उरतात.

उरलेल्या दोनतीनांत निकाल लावायला बारीक खुणा. तिकिटावर इंग्रजीत छापलेल्या 'वन पेनी'मधल्या वन या शब्दातल्या ओ अक्षराला खाली डावीकडे एक छोटा फुगवटा दिसतो, हा ७ ते १० या प्लेटवर येतो, कारण रोलरवरच दोष आला होता. तो दिसला तर पहिल्या सहा प्लेट गेल्या. पण नाही दिसला म्हणून या चार बाद असं मात्र उलटं म्हणू नका, जास्त शाई लागली किंवा प्लेट झिजली की तो बुजतो. मग गाइडलाइन, म्हणजे तिकिटं ओळीत बसावीत म्हणून कारागिराने प्लेटवर ओढलेल्या बारीक रेघा, त्या पूर्ण पुसल्या न गेल्याने अक्षराच्या चौकटीतून किंवा कडेतून जाताना दिसतात. मग दुहेरी रेषा. रोलर नीट बसला नाही किंवा झिजलेल्या जागी परत दाबला तर चित्राच्या रेषा शेजारीशेजारी दोनदा उमटतात, त्याला री-एन्ट्री म्हणतात. यातली सगळ्यात गाजलेली लाल पेनीच्या प्लेट ७५ वर एल-के या जागी आहे, कोपऱ्यातल्या रेषा अशा पसरल्या आहेत की तिचं नावच युनियन जॅक पडलं. (ही ७५ पण जुन्या छिद्रं नसलेल्या मालिकेतली.) अक्षर दोनदा ठोकलं गेलं असेल तर त्याच्याही दोन कडा दिसतात.

एक ठिपका किंवा एक ओरखडा दिसला म्हणून लगेच खूण समजू नका. प्लेटवरचा दोष त्याच जागेच्या प्रत्येक तिकिटावर येतो, शाईचा डाग किंवा कागदाचा धागा एकाच तिकिटावर. त्याच पत्त्याचं, त्याच प्लेटचं दुसरं तिकीट फोटोत तरी सापडेपर्यंत ठिपक्याला ठिपकाच म्हणा. आणि रंगावरून प्लेट ठरवणं तर अजिबात नको, १८० वर्षांत ऊन, दमट हवा आणि कुणीतरी कोमट पाण्यात भिजवलेलं, सगळ्यांनी रंग बदललेला असतो.

काळ्या प्लेटपैकी १बी, २, ५, ८, ९, १० आणि ११ नंतर लाल छापायलाही वापरल्या. त्यामुळे त्याच प्लेटचं, त्याच अक्षरांचं तिकीट काळ्यात आणि लालमध्ये दोन्ही मिळू शकतं आणि अशी जोडी जमवणं हा या छंदातला सगळ्यात गोड भाग आहे असं मला वाटतं. ओळखायलाही याची मदत होते, कारण लाल प्रत स्वस्त असते आणि ताडून बघायला हातात धरता येते.

डाय, वॉटरमार्क आणि बाकीच्या गोष्टी

नक्षीवाल्या पण छिद्रांच्या लाल पेनीत एक मध्ये येणारा टप्पा आहे. १८५५ मध्ये विल्यम हम्फ्रीजने मूळ डाय दुरुस्त केला, त्याला डाय दोन म्हणतात. पहिल्यात चेहरा फिकट, सपाट. दुसऱ्यात डोळ्याची सावली गडद, ओठ जाड, ओठाच्या कोपऱ्यात खाली जाणारी ठळक रेघ, खालचा ओठ आणि हनुवटीमध्ये खोल खळी. दोन तिकिटं शेजारी ठेवली की लगेच कळतं, एकेकटं बघून नाही कळत. वॉटरमार्क पण याच सुमारास बदलला, छोट्या मुकुटाचा मोठा मुकुट झाला. तो बघायला तिकीट काळ्या ट्रेमध्ये पालथं ठेवून लायटरमध्ये भरायच्या फ्लुइडचे दोन थेंब टाकतात, खिडकी उघडी ठेवून, गॅस किंवा उदबत्ती जवळपास नसताना, आणि मागे मूळ गोंद असलेल्या कोऱ्या तिकिटावर न करता.

इथे एक फसवणूक सांगतो. छिद्रांची कड कापून तिकीट छिद्रं नसलेलं म्हणून विकतात. मोठा मुकुट असेल तर ते मुळात छिद्रांचंच होतं, कड कितीही सरळ असो. आणि छिद्रं असलेली पेनी ब्लॅक कुणी दाखवली तर ती छिद्रं नंतर कुणीतरी पाडलेली.

दोन पेनी निळं याच पद्धतीने चालतं, फक्त चारही कोपऱ्यात अक्षरं त्यावर लवकर, १८५८ मध्ये आली. नंबर ७, ८, ९, १२, १३, १४, १५ एवढेच, आणि १३ पासून पुढे चेहऱ्याच्या वरखालच्या पांढऱ्या रेघा बारीक होतात, त्यामुळे नंबर वाचता आला नाही तरी गट कळतो. १८७० ची अर्धी पेनी इवलीशी, एका शीटवर ४८०, एका रांगेत २४, म्हणून तिथे उजवं अक्षर एक्स पर्यंत जातं. तिच्यात २, ७, १६, १७, १८ नाहीत आणि ९ नंबर महाग.

आपल्याकडच्या १८५४ च्या अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटाला ही पद्धत लावायला जाऊ नका. ते कलकत्त्यात दगडावरून, लिथोग्राफीने छापलं होतं, त्यात ठोकलेली कोपऱ्याची अक्षरंच नाहीत, त्याचे डाय ओळखायची रीत वेगळी.

नोंद ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. प्रत्येक तिकीट वेगळ्या पारदर्शक पाकिटात, सोबत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, अक्षरं, प्लेट, आणि का ते. "प्लेट ८" एवढंच लिहून ठेवलं तर वर्षभराने तुम्हालाच आठवणार नाही कशावरून. "प्लेट ८, ओ चा फुगवटा, जी उजवीकडे, ५ आणि ९ बाद" असं लिहिलं तर कुणीही तपासू शकतं. मुंबई किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाका आणि अल्बम आडवा न रचता उभा ठेवा, नाहीतर मागचा गोंद पानाला धरतो.

दोन प्लेटमध्ये अडकलात तर चिठ्ठीवर दोन्ही नंबर लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका. माझ्याकडे एक टी-ई आहे, सहा वर्षं झाली, चिठ्ठीवर अजून "८? ९?" असंच आहे, डाव्या अक्षरावर शिक्का बसलाय आणि त्या जागी दोन्ही प्लेट फार जवळच्या आहेत. जिथे किंमत मोठी आहे, म्हणजे ११ नंबर, ७७, २२५, तिथे स्वतःच्या डोळ्यावर व्यवहार न करता लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या ठिकाणच्या तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र मागा, विकत घेताना आधी मागा, नंतर नाही. साध्या नंबरांसाठी प्रमाणपत्राचा खर्च तिकिटापेक्षा जास्त होतो, तिथे भिंग आणि वही पुरते.